घर सोडणाऱ्या सज्ञान मुलाचीं कागदपत्रें

बारावीचा निकाल हातीं आला, प्रवेशाच्या याद्या लागल्या, कीं राहात्याच्या बसस्थानकावर दरवर्षीं तेंच दृश्य दिसूं लागतें. नगर-मनमाड रस्त्यानें येणाऱ्या गाडीची वाट पाहात कोणी पुण्याकडे, कोणी नाशिककडे, तर कोणी छत्रपति संभाजीनगराकडे निघालेला असतो. पायाशीं नवी बॅग आणि अंथरुणाची वळकटी, आईच्या हातांत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि वडिलांनीं छातीशीं धरलेली कागदांची एक पिशवी. त्या पिशवींत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सर्व कांहीं असतें. प्रवेशाला लागणारा प्रत्येक कागद तिच्यांत सांपडतो. परंतु प्रवेशानंतरच्या तीन-चार वर्षांत मुलावर जे प्रसंग येऊं शकतात, त्यांसाठीं लागणारा एकहि कागद तिच्यांत बहुधा नसतो.

समजा, पहिल्याच वर्षाच्या हिवाळ्यांत पुण्याच्या एखाद्या रस्त्यावर रात्रीं दुचाकी घसरते. मित्र जखमीला रुग्णालयांत नेतात आणि राहात्याला घरीं फोन करतात. गाडी लगेच मिळाली तरी वडिलांना पोंचावयास चार-पांच तास लागणार. ते फोनवरच डॉक्टरांना विचारतात, "काय झालें आहे, कोणतीं औषधें दिलीं, शस्त्रक्रिया करावी लागेल काय?" डॉक्टर थोडे घुटमळतात. "अहो, मी बाप आहें त्याचा!" असें वडील म्हणतात. "तें खरें, पण तुमचा मुलगा आतां अठरा वर्षांचा पुरा झाला आहे," असें उत्तर येतें. त्या क्षणीं वडिलांना राग येतो आणि तो येणें स्वाभाविकहि आहे. परंतु डॉक्टरांचें बोलणें कायद्याला धरून आहे. या दोहोंमधील अंतर कमी करण्याचें काम साध्या तीन-चार कागदांनीं होऊं शकतें, आणि ते घर सोडण्यापूर्वीं एका संध्याकाळीं तयार करतां येतात.

प्रथम अठरा वर्षांचा हा उंबरठा काय आहे तें पाहिलें पाहिजे. १८७५ सालच्या भारतीय सज्ञानत्व कायद्यानें अठरा वर्षें पुरीं होतांच मनुष्य सज्ञान होतो. न्यायालयानें ज्याच्यावर पालक नेमला असेल त्याला पूर्वीं एकवीस वर्षें थांबावें लागे. १९९९ सालच्या दुरुस्तीनें तो अपवादहि गेला. सज्ञान झालेल्या मुलाला स्वतःचे करार करतां येतात आणि स्वतःच्या शरीरावरील उपचारांना तो स्वतः संमति देतो. त्याच दिवशीं आईबापांचा नैसर्गिक पालक म्हणून असलेला कायदेशीर अधिकार संपतो. माया संपत नाहीं, खर्चाचा भार बहुधा संपत नाहीं. संपतो तो सहीचा अधिकार.

यांत एक अडचण अशी कीं, हा दिवस मूल घरीं असतांनाच येतो असें नाहीं. बारावी झालेल्या मुलामुलींपैकीं कित्येकांचें वय सतरा ते अठराच्या दरम्यान असतें. जूनमध्यें अज्ञान म्हणून वसतिगृहांत गेलेली मुलगी दिवाळीच्या सुटींत घरीं येते ती सज्ञान होऊन. प्रवेशाच्या वेळीं वडिलांनीं केलेली जी सही पुरेशी होती, तीच सही सहा महिन्यांनीं निरुपयोगी ठरते. आणि या बदलाची सूचना कोणतेंहि कार्यालय घरीं पाठवीत नाहीं. म्हणून घरांतील माणसांनींच ती तारीख ध्यानांत ठेवली पाहिजे.

आतां वैद्यकीय बाजू. तींत तीन प्रसंग निरनिराळे मानावे लागतात. रुग्ण अठरा वर्षांखालचा असेल तर शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर आईबापांची अथवा पालकाची सही घेतात. रुग्ण सज्ञान व शुद्धीवर असेल तर सही त्याची स्वतःची. रुग्ण बेशुद्ध असेल आणि विलंबानें जीव धोक्यांत येणार असेल, तर कोणाचीच सही नसली तरी डॉक्टरांनीं उपचार करावयाचे असतात. हा तिसरा नियम पुष्कळांस ठाऊक नसतो. घरचें माणूस आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहींत, पोलीस आल्याशिवाय दवाखान्यांत घेणार नाहींत, अशी समजूत खेड्यापाड्यांत अद्याप आहे. वस्तुतः १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें परमानंद कटारा यांच्या प्रकरणांत स्पष्ट सांगितलें कीं, जखमी माणसाचा जीव वाचविण्यासाठीं तत्काळ उपचार करणें हें सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टराचें कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार त्याच्या आड येऊं शकत नाहींत. संमति घेणें अशक्य असतां रुग्णाच्या हितासाठीं सद्भावनेनें केलेलें कृत्य अपराध ठरत नाहीं, हें तत्त्व जुन्या दंडविधानांत होतें आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तें कायम आहे. तसेंच २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें अपघातग्रस्ताला सद्भावनेनें मदत करणाऱ्यास संरक्षण मिळालें आहे. मित्राला रुग्णालयांत नेणाऱ्या विद्यार्थ्यानें भिण्याचें कारण नाहीं, ही गोष्ट प्रत्येक मुलाला घर सोडण्यापूर्वीं सांगून ठेवण्यासारखी आहे.

तथापि तातडीच्या नियमाला मर्यादा आहे. १६ जानेवारी २००८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका महत्त्वाच्या प्रकरणाचा निकाल दिला. एक सज्ञान स्त्री केवळ तपासणीसाठीं भूल घेऊन टेबलावर होती. तपासणींत कांहीं दोष आढळला, तेव्हां डॉक्टरांनीं बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमति घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली. न्यायालयानें म्हटलें कीं, रुग्ण सज्ञान असून थोड्या वेळानें शुद्धीवर येणार होती, जिवाला तत्काळ धोका नव्हता, म्हणून आईची संमति ही संमतीच नव्हे. उपचार कोणता, त्यांतील धोके कोणते, दुसरा मार्ग कोणता, हें समजावून सांगून खुद्द रुग्णाची संमति घेणें आवश्यक आहे, हा दंडक या निकालानें पक्का झाला. मग ज्या सज्ञान मुलाची शुद्धि लवकर परतणारच नाहीं, त्याच्या वतीनें निर्णय कोणी घ्यावा? व्यवहारांत रुग्णालयें जवळच्या नातेवाइकांची सही घेतात. परंतु दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या माणसाच्या पैशाअडक्याचे व्यवहार पाहण्यासाठीं घरच्यांना उच्च न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागल्याचीं उदाहरणें आपल्या देशांत घडलीं आहेत.

म्हणून पहिला कागद तो आरोग्यपत्रकाचा. त्याला मुद्रांक लागत नाहीं, वकील लागत नाहीं. एका पानावर मुलाचें पूर्ण नांव, जन्मतारीख, रक्तगट, कोणत्या औषधानें अंगावर पित्त उठतें किंवा श्वास कोंडतो, कोणतीं औषधें रोज चालू आहेत, पूर्वीं कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, धनुर्वाताची लस केव्हां टोंचली, दमा, फेफरें, मधुमेह यांपैकीं कांहीं आहे काय, हें लिहावें. खालीं घरचे दोन फोन आणि शहरांतील एखाद्या आप्ताचा फोन द्यावा. राहात्याच्या ग्रामीण रुग्णालयांत, शिर्डीस किंवा लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पूर्वीं उपचार झाले असतील, तर त्या कागदांच्या प्रती सोबत जोडाव्या. विम्याचें पत्रक असल्यास त्याची प्रत, आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेच्या उपयोगासाठीं शिधापत्रिकेची प्रतहि हवी. शिधापत्रिका घरीं कपाटांत आणि मूल दीडशें-दोनशें किलोमीटरवर, अशा स्थितींत पहिला दिवस फुकट जातो. त्या शिधापत्रिकेवर मुलाचें नांव आहे कीं नाहीं, हें आधींच पाहून घ्यावें.

दुसरा कागद म्हणजे माहिती देण्याचें अनुमतिपत्र. रुग्णाचें गुपित राखणें हा डॉक्टरांचा धर्म आहे आणि २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांनीं तो त्यांच्यावर बंधनकारकहि केला आहे. त्याच नियमांत असें आहे कीं, रुग्णानें किंवा त्यानें अधिकार दिलेल्या माणसानें मागणी केल्यास उपचारांचीं कागदपत्रें ७२ तासांच्या आंत दिलीं पाहिजेत. येथें 'अधिकार दिलेल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. "माझ्या आजाराची व उपचारांची माहिती माझ्या आईवडिलांस द्यावी व माझीं कागदपत्रें त्यांच्या हवालीं करावीं," अशा दोन ओळी सज्ञान मुलानें स्वतःच्या सहीनें व तारखेनिशीं लिहून ठेवल्या, तर डॉक्टरांची अडचण दूर होते आणि बापाचा रागहि वांचतो. मूल अजून अज्ञान असेल तर पत्र उलट दिशेनें लिहावयाचें: आईबापांनीं शहरांतील आत्या, मामा किंवा अन्य स्थानिक पालकास तातडीच्या प्रसंगीं आपल्या वतीनें पुढें होण्याची अनुमति द्यावी. असें पत्र मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं आईबापांच्या सहीची जागा नेहमींच भरून काढील असें नाहीं. परंतु ते पोंचेपर्यंतच्या तासांत त्याचा आधार होतो.

तिसरा कागद मनाच्या आजारासंबंधीं आहे आणि त्याविषयीं घरांत सर्वांत कमी बोललें जातें. नवें शहर, एकटेपणा, परीक्षेंत प्रथमच आलेलें अपयश, यांनीं खचलेलीं मुलें प्रत्येक वसतिगृहांत असतात. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. त्याच्या चौदाव्या कलमानें प्रत्येक सज्ञान माणसाला आपला एक नामनिर्देशित प्रतिनिधि नेमतां येतो, आणि ही नेमणूक साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून करतां येते. प्रतिनिधि सज्ञान व समर्थ असावा आणि त्याची लेखी तयारी असावी, इतकेंच. आजाराच्या काळांत उपचारांचे निर्णय घेतांना हा प्रतिनिधि रुग्णाला साहाय्य करतो. आपल्यावर कोणते मानसोपचार व्हावेत आणि कोणते होऊं नयेत, याविषयीं आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा अधिकारहि हाच कायदा देतो; मात्र तातडीच्या उपचारांच्या आड तो निर्देश येत नाहीं. प्रतिनिधि म्हणून मुलगी आईचें नांव लिहील, मोठ्या बहिणीचें लिहील, कदाचित् मामाचें लिहील. जें नांव ती लिहील त्यानें घरच्यांनीं रुसूं नये. घरांत कोणाजवळ तिचें मन मोकळें होतें, तें आजार येण्यापूर्वींच कळलें, हा त्या कागदाचा एक लाभच समजावा. याच आरोग्यपत्रकावर 'टेलिमानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली आणि ती विनामूल्य आहे.

याच्या पलीकडचा एक कागद आहे, त्याला वैद्यकीय पूर्वनिर्देश म्हणतात. बरें होण्याची आशाच उरली नाहीं, तर केवळ यंत्रांवर श्वास चालू ठेवावा कीं नाहीं, याविषयीं सज्ञान माणसानें शुद्धीवर असतां लिहून ठेवलेली ही इच्छा होय. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं तिला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजीं तिची रीत सोपी केली. आतां दोन साक्षीदारांसमोर सही करून तें पत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतलें म्हणजे पुरतें. त्यांत आपल्या वतीनें बोलणाऱ्या आप्तांचीं नांवें लिहावयाचीं असतात. अठरा वर्षांच्या मुलाला हा कागद करण्याची घाई नाहीं, आणि प्रवासाच्या आदल्या दिवशीं आईसमोर हा विषय काढणें कठीणहि आहे. परंतु असा अधिकार आहे एवढें प्रत्येक घराला ठाऊक असावें.

आतां पैसा व जमीन यांकडे वळूं. गोदावरीच्या व प्रवरेच्या कालव्यांवर भिजणाऱ्या या तालुक्यांत, पेरूच्या बागा व उसाचीं शेतें असलेल्या घरांत, मुलांचीं नांवें लहानपणींच सातबाऱ्यावर लागलेलीं असतात. आजोबा वारले, वारसांची नोंद झाली, आणि नातवाच्या नांवापुढें 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता असा शेरा लिहून आईचें किंवा काकांचें नांव चढलें. मूल सज्ञान झालें तरी हा शेरा आपोआप निघत नाहीं. जन्मतारखेच्या पुराव्यासह तलाठ्याकडे, ज्याला आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज करून फेरफार नोंदवावा लागतो. मूल शिकावयास गेलें, शेरा तसाच राहिला, आणि दहा वर्षांनीं कर्जाच्या किंवा वाटणीच्या वेळीं आठवण झाली, असें पुष्कळदां होतें.

या शेऱ्यामागें एक मोठा हक्क दडलेला आहे. १९५६ च्या हिंदु अज्ञान व पालकत्व कायद्यानें अज्ञानाच्या स्वतःच्या मालकीची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या परवानगीवांचून विकतां किंवा गहाण टाकतां येत नाहीं. तशी विक्री झालीच, तर सज्ञान झाल्यावर त्या मुलाला ती रद्द करून मागतां येते. पण त्यासाठीं मुदतीच्या कायद्यानें सज्ञान झाल्यापासून तीनच वर्षें मिळतात. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त हिश्श्याला हा नियम लागू पडत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. अठरा ते एकवीस हीं तीन वर्षें म्हणजे नेमकीं महाविद्यालयाचीं वर्षें. हक्क पाहण्याची मुदत आणि घरापासून दूर राहण्याचा काळ एकाच वेळीं सरतो. म्हणून घर सोडण्यापूर्वीं मुलानें आपल्या नांवच्या उताऱ्यांची एक प्रत काढून शांतपणें वाचावी. यांत घरच्यांवर अविश्वास नाहीं. ज्या घरांत सर्व सरळ आहे त्या घराला कागद दाखविण्याची भीति नसते.

पुष्कळ पालक अशा वेळीं मुलाकडून सर्वाधिकाराचें मुखत्यारपत्र लिहून घेतात, म्हणजे त्याच्या मागें सर्व कामें करतां येतील. हें फार जपून करावें. मुखत्यारपत्र एका ठराविक कामापुरतें असावें. जसें एका गटाचा पीककर्जाचा अर्ज, किंवा महाविद्यालयांतून गुणपत्रिका घेणें. शिवाय आपल्याकडील मुखत्यारपत्राची एक मोठी मर्यादा आहे. १८७२ च्या करार कायद्यानें तें लिहून देणारा मृत्यु पावला किंवा त्याची बुद्धि कायमची भ्रष्ट झाली, तर मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या आपत्तींत त्याची सर्वांत अधिक गरज, तींतच तें हातचें जातें. इंग्लंडांत २००५ च्या कायद्यानें शुद्धि गेल्यावरहि टिकणारें मुखत्यारपत्र करतां येतें, अमेरिकेंतील राज्यांतहि तशी सोय आहे. भारतांत तशी सर्वसाधारण सोय नाहीं. म्हणून परदेशस्थ नातेवाइकांनीं पाठविलेला तिकडचा नमुना येथें जसाच्या तसा उतरविण्यांत अर्थ नाहीं.

उलट, जीं मराठी मुलें अमेरिकेंतील विद्यापीठांत जातात त्यांनीं तिकडचेच कागद करावेत. तेथें १९९६ च्या कायद्यानें आरोग्याची माहिती आणि १९७४ च्या कायद्यानें शिक्षणाची माहिती ही सज्ञान विद्यार्थ्याच्या ताब्यांतील गोष्ट आहे. मुलाची लेखी अनुमति नसेल तर फी भरणाऱ्या बापालासुद्धां विद्यापीठ गुणपत्रिका दाखविण्यास बांधलेलें नसतें. विमान सुटण्यापूर्वीं राहात्यांत सही करून ठेवण्यासारखीं तीं दोन पत्रें आहेत; वैद्यकीय प्रतिनिधि नेमण्याचें तिसरें पत्र त्या त्या राज्याच्या नमुन्यावर तेथें पोंचल्यावर करावें.

बँकेचें काम त्या मानानें सोपें आहे. अज्ञानाच्या नांवचें खातें सज्ञान झाल्यावर नव्या सहीनें व ओळखपत्रांनीं पुन्हां पक्कें करावें लागतें. तोंपर्यंत व्यवहार अडतो आणि शिष्यवृत्तीहि अडकूं शकते. अज्ञानाचा करार मुळांतच निरर्थक, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं ठरविल्यामुळें अज्ञान विद्यार्थ्याच्या शिक्षणाचें कर्ज पालकाच्या सहीनें मिळतें. विद्यार्थी सज्ञान झाला म्हणजे बँक त्याच्याकडून त्याची पुष्टि लिहून घेते. ती सही करण्यापूर्वीं व्याज केव्हांपासून धरतात, हें मुलानें स्वतः वाचावें. मतदारयादींतील नांवहि याच वेळीं नोंदवावें. मताचें वय एकवीसवरून अठरा झालें तें १९८९ सालीं.

प्रवेशाच्या दाखल्यांविषयीं थोडक्यांत. उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला तहसिलींतून सेतु केंद्रामार्फत, जातीचा दाखला शिर्डीच्या प्रांताधिकाऱ्यांकडून, आणि त्याची वैधता जात पडताळणी समितीकडून मिळते. वैधतेचें काम २००१ च्या कायद्यानें चालतें आणि त्याला वेळ लागतो. म्हणून तें अकरावींतच हातीं घ्यावें. दाखल्यांसाठीं शासकीय कार्यालयांत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून मुद्रांकशुल्क माफ आहे, तेव्हां पांचशें रुपयांचा मुद्रांक आणावयास कोणी सांगितलें तर आधीं तहसिलींत विचारावें. मूळ कागद तपासून परत देणें हें महाविद्यालयाचें काम आहे. ते अडकवून ठेवूं नयेत, असें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं स्पष्ट केलें. मूळ प्रती घरीं, साक्षांकित प्रती मुलाजवळ, आणि एक संच डिजिलॉकरमध्यें, ही वाटणी उत्तम.

तात्पर्य, बॅग भरण्याच्या आदल्या संध्याकाळीं घरच्यांनीं एकत्र बसावें. आरोग्यपत्रक, माहितीचें अनुमतिपत्र, प्रतिनिधीची नेमणूक आणि सातबाऱ्याचा उतारा, एवढे चार कागद समोर ठेवावे. सही मुलानें करावी आणि आईबापांनीं ती होतांना पाहावी. जन्मापासून त्याच्यासाठीं जी सही वडील करीत आले, ती यापुढें तो स्वतः करणार. आणि आपल्या अडचणीच्या वेळीं कोणाला हांक मारावी, हेंहि तोच लिहून देणार. त्या कागदाची एक प्रत बॅगेंत आणि एक प्रत घरच्या कपाटांत राहिली, म्हणजे मध्यरात्रीं फोन वाजला तरी वडिलांना पुण्याच्या डॉक्टरांशीं वाद घालावा लागणार नाहीं. कपाट उघडून तो कागद वाचून दाखविला कीं पुरे.